स्वतः बांधलेली मोटार आणि तिचा धूर

संपादक महोदय,

स्वतःच्या हातांनी मोटार बांधणाऱ्या हौशी मंडळींविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख आवडीने वाचला. चॅसिस, सस्पेन्शन आणि वायरिंग यांवर त्यात भरभरून लिहिले आहे. धूर आणि इंधनाची वाफ यांचा बंदोबस्त मात्र ‘तपासणीपूर्वी उरकण्याचे काम’ म्हणून एका वाक्यात निकाली काढला आहे. हे काम शेवटी उरलेल्या जागेत कोंबण्याचे नसून इंजिनची जागा ठरवतानाच कागदावर यायला हवे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

धुरातील घातक वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचेच पाहा. मधाच्या पोळ्यासारख्या त्याच्या सिरॅमिक जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असतो आणि तो साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करू लागत नाही. नळ्यांचे वळण सोयीचे पडते म्हणून तो गाडीच्या मागच्या टोकाला बसवला, तर थंड इंजिन सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटे, म्हणजे नेमका सर्वाधिक प्रदूषणाचा काळ, तो नुसताच लटकत राहतो. इंजिनातला धूर एकत्र करणाऱ्या मॅनिफोल्डला अगदी चिकटवला तर जादा उष्णतेने लेप लवकर निकामी होतो. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींवर एकाच वेळी काम व्हायचे, तर पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ राहावे लागते. हवा-इंधन मिसळणारा, पण हे प्रमाण इतके काटेकोर न राखणारा जुना कार्ब्युरेटर तसाच ठेवून पुढे कन्व्हर्टर जोडणारे ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

ते प्रमाण सांभाळायला ऑक्सिजन सेन्सर लागतो, आणि घरच्या वेल्डिंगची खरी परीक्षा तिथेच होते. सेन्सरच्या अलीकडे एखाद्या सांध्यात टाचणीएवढे छिद्र राहिले, तरी धुराच्या दाबातील चढउतारांमुळे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, इंधन कमी पडते आहे असे समजून ईसीयू, म्हणजे इंजिनचा नियंत्रक संगणक, ते वाढवतो, आणि नळी चकचकीत दिसत असतानाच धूर बिघडतो. असे इंजिन ट्यूनिंगने सुधारण्याच्या खटपटीत लोक आठवडे घालवतात. दोष असतो फ्लँजच्या, म्हणजे दोन नळ्या बोल्टने जोडणाऱ्या चपट्या कड्याच्या, वाकलेल्या तोंडात. सेन्सरसाठीचा १८ मिलिमीटर व्यासाचा आटेदार तुकडा नळीवर वेल्ड करताना त्यात निकामी झालेला जुना सेन्सर फिरवून ठेवावा, म्हणजे उष्णतेने आटे वाकडे होत नाहीत. तो आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर कललेला असावा, कारण थंड नळीत साचणारे पाणी तापलेल्या सेन्सरवर पडले की त्याचे सिरॅमिक तडकते. स्टेनलेसच्या नळीला टिग वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आवरणात टंगस्टनच्या टोकाने केलेले वेल्डिंग) करताना आतूनही आर्गॉन सोडावा. नाहीतर सांध्याची आतली बाजू जळून खडबडीत होते. ३०४ जातीच्या स्टेनलेसची मीटरभर नळी ६०० अंशांनी तापली की सुमारे १० मिलिमीटर लांबते, तेव्हा लवचिक जोड नसेल तर कुठला तरी टाका तुटणारच. जस्त चढवलेली नळी या कामाला घेऊच नये. वेल्डिंगच्या वेळी निघणारा तिचा धूर श्वासावाटे घेतल्यास माणूस तापाने आजारी पडतो.

वाफेकडे तर कुणाचे लक्षच नसते. स्वतः घडवलेल्या टाकीची वायुनळी उघड्यावर सोडून दिली, तर गाडी उभी असतानाही पेट्रोलची वाफ बाहेर पडत राहते. ती वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात साठवावी आणि इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्हमधून आत ओढून जाळावी, ही व्यवस्था साधी आहे. पण टाकीपासून डब्यापर्यंतच्या नळीला मध्ये झोळ पडला की तिथे द्रव पेट्रोल साचते आणि ते कोळशात उतरले की डबा बाद होतो. टाकी काठोकाठ भरणार नाही अशी मोकळी जागा आणि गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह ही तरतूद टाकी घडवतानाच करावी लागते. रंग दिलेल्या टाकीला नंतर भोके पाडत बसण्यात शहाणपण नाही.

घरी काय बनवू नये, हेही स्पष्ट असावे. नळ्या, फ्लँज, ब्रॅकेट, उष्णतारोधक पत्रे खुशाल घडवावेत. कन्व्हर्टर, सेन्सर, कोळशाचा डबा आणि व्हॉल्व्ह मात्र इंजिनाच्या क्षमतेला शोभणारे, तयार आणि चाचणी झालेले घ्यावेत. आतली जाळी काढून टाकलेला कन्व्हर्टर बाहेरून शाबूत दिसतो. म्हणूनच तपासणी करणाऱ्यांनी भागावरचा शिक्का पाहून समाधान मानू नये आणि केवळ हाताने घडवलेली नळी दिसली म्हणून गाडी नाकारूही नये. धूर यंत्रावर मोजावा, सांधे गळतीसाठी तपासावेत. या विषयावर आपण पुन्हा लेख छापलात, तर थंड आणि गरम इंजिनाच्या धुराचे आकडे त्यात जरूर द्यावेत. रंगकामाची छायाचित्रे दोन कमी झाली तरी चालतील.

आपला,
एक नियमित वाचक