क्लिक घटले म्हणजे क्रमांक घसरला असे नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गुगलने निकालांची मांडणी बदलली की संकेतस्थळवाल्यांची धावपळ उडते. शीर्षके बदलतात, जुन्या लेखांवर नव्या तारखा चढतात. दुखणे कुठे आहे हे न पाहताच औषधपाणी सुरू!

आधी सर्च कन्सोल, म्हणजे आपले संकेतस्थळ गुगल शोधात कसे दिसते ते सांगणारे गुगलचेच साधन, उघडावे. क्लिक घटले, पण इम्प्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसले तो आकडा) आणि निकालांतला सरासरी क्रमांक जागच्या जागी असतील, तर बहुधा पान घसरलेले नसते; त्याच्या वर काहीतरी येऊन बसलेले असते. मे २०२४मध्ये अमेरिकेत सुरू झालेले एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर दिसणारे एआयने तयार केलेले उत्तर, हे त्यातले ठळक. उत्तर वरच मिळाले की वाचक खाली कशाला येईल? कधी पानाला मिळालेली जादा जागाच काढून घेतली जाते. ऑगस्ट २०२३मध्ये प्रश्नोत्तरांचा विस्तारित निकाल गुगलने नामवंत सरकारी व आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरता ठेवला. बाकीच्यांच्या दुव्याखालचे प्रश्न गेले, क्रमांक मात्र तोच. अशा वेळी मजकूर पुन्हा लिहून काय साधणार?

सरासरी क्रमांकही डोळे झाकून मानू नये. सप्टेंबर २०२५मध्ये एका पानावर १०० निकाल मागवण्याची सोय बंद झाली. क्रमांक तपासणारी अनेक साधने तिच्यावरच चालत आणि त्यांनी मागवलेले खालचे निकालही बहुधा इम्प्रेशनमध्ये मोजले जात. त्यानंतर कित्येकांची इम्प्रेशन कोसळली आणि सरासरी क्रमांक ‘सुधारला’. क्लिक होते तिथेच.

कोअर अपडेट, म्हणजे गुगलच्या क्रमवारीच्या पद्धतीतला मोठा बदल, आले असेल, तर ते पूर्ण झाल्यावर आठवडाभर थांबावे. मग तो आठवडा आणि अपडेट सुरू होण्याआधीचा आठवडा यांची तुलना करावी, तीही एकेक पान आणि शोधशब्द घेऊन. दुसऱ्याचा चौथा क्रमांक झाला तर हात लावू नये. चौथ्यावरून थेट तिसाव्याच्या आसपास गेले, तर मात्र मजकूर मुळापासून तपासावा.

रोबोट्स फाइलमध्ये (संकेतस्थळावरचे काय वाचावे, काय नाही हे यंत्रांना सांगणारी फाइल) ‘गुगल-एक्स्टेंडेड’ ही गुगलच्या एआय मॉडेलांसाठीच्या वापराची खूण रोखली की एआय ओव्हरव्ह्यूमधून सुटका होते, हा समज चुकीचा आहे. तिचा शोधनिकालांशी संबंध नाही. पानाला ‘नोस्निपेट’ (उतारा दाखवू नका ही सूचना) लावल्यास मजकूर एआय ओव्हरव्ह्यूमध्ये वापरला जात नाही, पण दुव्याखालचा नेहमीचा उताराही जातो आणि उघडाबोडका दुवा कोण दाबणार? त्यापेक्षा पानाच्या नेमक्या भागापुरती तीच सूचना देणारे ‘डेटा-नोस्निपेट’ लावावे.

आणि सर्च कन्सोलचे आकडे १६ महिनेच राहतात. ते दरमहा उतरवून ठेवावेत, नाहीतर दोन वर्षांपूर्वीच्या हंगामाशी तुलना करायला हाती काहीच उरत नाही.

– संकेतस्थळांच्या देखभालीतील एक वाचक