दिवाळ्याच्या किनाऱ्यावरून

बेलापूर, नवी मुंबई
जुलै

प्रिय विकास,

उत्तर लांबलं, कारण हल्ली संध्याकाळी पाय आपसूक दिवाळे कोळीवाड्याकडे वळतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या आणि लाकडी होड्यांचे मिस्त्री कामात बुडालेले. लाकडी जहाजबांधणी आता संग्रहालयातच पाहायची, असं तू लिहिलंस. ते मला मुळीच पटलं नाही.

परवा एक म्हातारे मिस्त्री मोगरीने होडीचं बूड ठोकत चालले होते. खणखणीत आवाज आला की पुढे. एका जागी तो बद्द आला, तिथे खडूची खूण. ती सडकी फळी काढली. नवी सागाची फळी एकदम वाकत नाही. एका अंगाला जाळ, दुसऱ्या अंगाला पाणी, आणि दम धरून आवळत जायचं. मग फटींत छिन्नीने सुताची वात ठासतात, वर तेल-राळ. पाण्यात लाकूड फुगतं आणि सांधा घट्ट होतो. आतल्या वाकांना, म्हणजे होडीच्या बरगड्यांना, मुळातच वाकडी वाढलेली बाभूळ लागते. सरळ लाकडातून बाक कापला तर रेषा तुटते, जोर जातो. हे सगळं नजरेने चालतं, नकाशा कुठे नाही.

आपला हा पट्टाच जहाजांचा रे! १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर महाराजांनी इथल्या खाडीत आरमार उभारायला घेतलं. मुंबईच्या गोदीत वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्याने सागात बांधलेली, १८१७ ची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

फायबरची होडी घेणाऱ्या कोळ्याला मी नावं ठेवणार नाही. सागाचा भाव आणि दरवर्षीची डागडुजी त्यालाच सोसावी लागते. पण नुसत्या डागडुजीवर पोरं फळी बदलायला शिकतील. पठाण, म्हणजे तळाचा कणा टाकून, नाळ, म्हणजे पुढचं टोक उभं करून कोरी होडी उठवायला कुठे शिकणार? त्यासाठी कुणीतरी नवी होडी बांधायला सांगायला हवी. सरकारने मदत करायचीच तर लाकडी होडी बांधून घेणाऱ्या नाखव्याला करावी, असं माझं ठाम मत आहे.

नारळी पौर्णिमेच्या आत ये, नंतर होड्या पाण्यात असतील. वहिनींनाही आण. मिस्त्रींना तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय.

तुझा,
अविनाश