मेस्त्री, त्या दिवशी मी तुमचं नाव घेतलं नाही

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, मला ठाऊक आहे. चष्मा सापडत नाही हे तुमचं कायमचं कारण. विरारला तुमचा नातू मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवेल. मधली एकही ओळ गाळायची नाही, असं त्याला बजावून ठेवलंय. नाव कुठे छापायचं नाही अशी ताकीद तुम्ही जाताना दिली होतीत, तीही पाळते आहे. पण पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण चूक चारचौघांत झाली होती.

सुरुवात तुम्हाला माहीत नाही, म्हणून ती आधी. मुलगा पुण्याला इंजिनीअरिंगला गेला आणि त्याच्या लेगोचे, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांच्या खेळाचे, तीन डबे माळ्यावर राहिले. जूनमध्ये माळ्याला ओल आली तेव्हा ते खाली काढले. खोक्यांना बुरशी, सूचनापुस्तिकांची पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. विटा मात्र साबणाच्या पाण्यात धुतल्या, पंख्याखाली पसरल्या, आणि कालच दुकानातून आणल्यासारख्या दिसायला लागल्या. वाळल्या का बघता बघता मी दोन जोडल्या. त्या रात्री साडेबाराला झोपले. सकाळी पतपेढीत जमाखर्चाच्या वहीत डोकं लागेना.

सासूबाईंनी आळीभर सांगितलं की सुनेला पोरपण आठवलंय. खरं तर माझ्या पोरपणात या विटा कुठे होत्या? आमच्या वाट्याला सावंतवाडीची लाकडी फळं आणि दिवाळीतल्या किल्ल्याची माती. या छंदातली मोठी माणसं लहानपणी विटा सोडतात आणि तिशी-चाळिशीत परत हातात घेतात. मधल्या वर्षांना ती 'डार्क एज' म्हणतात. माझं डार्क एज जन्मापासून त्रेचाळीस वर्षांचं. फोनवरच्या आमच्या गटात पुण्याचा एक दंतवैद्य आहे, पणजीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, ठाण्याचा एक लोकल चालवणारा आहे. मी काय जोडते आहे हे विचारताना त्यांच्यातलं कुणी हसलं नाही, तिथेच मी अडकले. पुस्तिकेत बघून जोडण्यात माझं मन लवकरच भरलं. मग स्वतःच्या डोक्यातलं काही बांधायचं, ज्याला हे लोक 'मॉक' म्हणतात, ते खूळ लागलं. आणि मी निवडला पानवलचा पूल.

रत्नागिरीत राहून दुसरं काय निवडणार? 64 मीटर उंच, 424 मीटर लांब. 1998 च्या 26 जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली, तेव्हापासून आपण त्यावरून झोपेत जातो-येतो. मी दोनशेपट लहान करायचा ठरवला. म्हणजे लांबी दोन मीटर बारा सेंटिमीटर आणि सर्वांत उंच खांब बत्तीस सेंटिमीटर. एक वीट 9.6 मिलिमीटर उंच, म्हणजे खांबाला तेहतीस थर. कागदावर सोपं दिसलं.

चार विटांचे चार मनोरे शेजारी शेजारी उभे केले की झाला खांब, असं मी धरून चालले होते. विसाव्या थरानंतर ते मनोरे एकमेकांपासून फाकायला लागले. तिसऱ्यांदा सगळं कोसळलं तेव्हा जुलै होता, वीज गेली होती आणि तुम्ही आमच्या ओटीवर पाऊस थांबायची वाट बघत बसला होतात. मी फेव्हिक्विक शोधत होते. तुम्ही दारातून डोकावून म्हणालात, "ह्यां काय मांडलंस गो?"

मी सांगितलं. तुम्ही हसाल म्हणून थोडं घाईघाईने सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. मेणबत्ती जवळ ओढलीत, एक मनोरा उचलून बघितलात आणि विचारलंत, "सांध्यार सांधो कित्याक ठेवलंस? भिंत फाटतली मा."

चाळीस वर्षं चिरे रचलेल्या माणसाला ते पहिल्या नजरेत दिसलं. वरचा चिरा खालच्या दोघांवर अर्धा-अर्धा बसला पाहिजे, उभा सांधा सरळ वर चढता कामा नये. ही साधी गोष्ट मी रोज येता-जाता जांभ्याच्या गडग्यांत बघत होते आणि बघत नव्हते. त्या रात्री तुम्ही पहिले सहा थर मला मोडायला लावलेत. वीट काढताना माझं नख तुटलं. डिंकाने चिकटवू का, म्हटल्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: "चिकटवलंस तर उद्या मोडतलंस कशी?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही पितळी ओळंबा घेऊन आलात. बत्तीस सेंटिमीटरच्या खांबासमोर तो असा दिसत होता, जसा होडीच्या डोलकाठीला जहाजाचा नांगर. दोघांनाही हसू आवरेना. मग शिवणाच्या दोऱ्याला सायकलचा नट बांधून तुम्ही नवा ओळंबा केलात. पावसाचा जोर असला की दोरा हलायचा आणि तुम्ही खिडकी लावायला ओरडायचात.

विटांबद्दल तुम्ही जे प्रश्न विचारलेत, तसे मला माझ्या गटातही कुणी विचारले नव्हते. हे कुणी केलं? मी सांगितलं, डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचं गाव आहे, तिथल्या ओले कर्क क्रिस्टियन्सन नावाच्या सुताराने 1932 मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली, तिथून. 'नीट खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून लेगो हे नाव झालं. "सुताराचो माल," तुम्ही मान हलवलीत, जणू आता विश्वास ठेवायला हरकत नाही. मग वीट उलटी करून आतल्या नळ्या बघितल्यात. खालच्या विटेच्या गुंड्या वरच्या विटेच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये धरल्या जातात, म्हणून पकड. ही रचना 28 जानेवारी 1958 ला पेटंटसाठी नोंदवली आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. हे ऐकून तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात की चिऱ्याचं माप तुमच्या डोळ्यांदेखत तीनदा बदललं.

आपल्या चिऱ्याच्या दगडाचं इंग्रजी नावही विटेवरूनच पडलंय, हे तेव्हा सांगायचं राहिलं. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या इंग्रजांच्या डॉक्टरने मलबारात लोकांना असा दगड विटांसारखा कापताना पाहिलं, आणि 1807 च्या आपल्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट म्हटलं. खाणीत मऊ, हवा लागली की कडक. तुम्हाला हे कुणी शिकवायची गरज नाही, पण नातवाला सांगा.

विटा पुरेनात तेव्हा अडचण झाली. नवा माल महाग. खेळण्यांवरची आयात जकात 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली आणि 2023 मध्ये 70. पतपेढीच्या पगारात करड्या विटांची गोणी बसत नाही. ठाण्याच्या त्या लोकलवाल्याने आपल्या जुन्या साठ्यातल्या सहाशे करड्या विटा पाठवल्या. पैसे घेतले नाहीत, आंब्याच्या पेटीवर भागलं. मी आनंदाने थर चढवायला लागले. तुम्ही संध्याकाळी आलात, डोळे बारीक केलेत आणि एका विटेवर बोट ठेवलंत. "ह्यो दुसऱ्या खाणीतलो."

मला फरकच दिसत नव्हता. उजेडात नेऊन बघितलं तर खरंच, एक करडा किंचित पिवळसर, दुसरा निळसर. गटात विचारलं तेव्हा कळलं की कंपनीने 2004 च्या सुमारास करड्या रंगाची छटाच बदलली होती आणि त्यावरून जगभरच्या हौशी लोकांनी आकाशपाताळ एक केलं होतं. तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी, साठ वॉटच्या बल्बखाली ते ओळखलंत. मग युक्तीही तुमचीच: जुना करडा खाली, नवा वर. पावसाचं पाणी लागून खांब बुडाशी तसाच काळपट-पिवळा होतो.

दुसरी अडचण माझ्या कंजूषपणाची. बाजारातल्या स्वस्त नकली विटा मी दोन खांबांत गुपचूप मिसळल्या. एका विटेत केसाएवढा फरक असेल, पण तेहतीस थरांत तो दीड मिलिमीटर झाला आणि ते दोन खांब शेजाऱ्यांपेक्षा उंच निघाले. आमच्या गटातले कर्मठ लोक नकली वीट घरातही येऊ देत नाहीत. तुमचा न्याय जास्त पटला: नकली माल सगळ्या खांबांत सारखा वाटायचा आणि पायात घालायचा नाही.

पुलाचा वरचा भाग ही तर आपली मोठी गंमत. खांब उभे राहिले, आता वर दोन मीटरचा पट्टा कसा ठेवायचा? उचलला की मधून तुटायचा. तेव्हा तुम्ही सांगितलंत की खरा पूल बांधत होते तेव्हा तुम्ही सुट्टीच्या दिवशी बघायला जायचात, आणि तो वर उचलून ठेवलाच नव्हता. एका काठावर तुकडा ओतायचा, मागून जॅकने पुढे ढकलायचा, मग त्याच्या मागे पुढचा तुकडा. भारतात या पद्धतीने बांधलेला तो पहिलाच. पुढचं टोक हवेत वाकू नये म्हणून अशा कामात पुढे हलकं पोलादी नाक लावतात. आपण टेक्निकच्या, म्हणजे लेगोच्याच यंत्रांच्या मालिकेतल्या, भोकं असलेल्या पट्ट्यांचं नाक केलं. सासूबाईंच्या शिवणयंत्राच्या मेजावर मी मागून ढकलत होते, तुम्ही खांबाशी डोळा लावून "हळू, हळू, रव!" करत होतात, आणि सासूबाई, ज्यांना हे सगळं पोरपण वाटत होतं, त्या पलीकडच्या टोकाला नाक झेलायला ओंजळ धरून उभ्या होत्या. नाक शेवटच्या खांबावर टेकलं तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि कुणीच जेवलं नव्हतं.

आता ती चूक.

गणपतीत पूल ओटीवर मांडला. सकाळी गाडीतून उतरलेले चाकरमानी बघायला आले. चहाचा कप हातात धरून अर्धा-अर्धा तास बघत होते. नणंदेच्या यजमानांनी विचारलं, खांब इतके ओळंब्यात कसे? आणि मी म्हटलं, "करत करत जमलं." तुम्ही तिथेच होतात, आरतीच्या टाळांच्या टोपलीशेजारी. मी तुमच्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. नंतर गटात फोटो टाकले. पणजीच्या बाईंनी हाच प्रश्न विचारला, मी हेच उत्तर दिलं. दंतवैद्याने लिहिलं, तुम्ही जन्मजात बांधकामवाल्या आहात. मी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

का, याचा मी पुष्कळ विचार केला. चाळिशीनंतर पहिल्यांदा एखादी गोष्ट फक्त माझी म्हणून लोक बघत होते, आणि ती वाटून घ्यायचा मोठेपणा त्या दिवशी माझ्यात नव्हता. तुम्ही काही बोलला नाहीत. विसर्जनानंतर येऊन डावीकडून तिसऱ्या खांबाची कड सरळ करून गेलात. त्यानंतर गुडघे बिघडले, मुलगा विरारला घेऊन गेला, आणि जाताना तो पितळी ओळंबा आमच्या खुंटीवर अडकवून ठेवलात. तो अजून तिथेच आहे. सासूबाई त्याला रविवारी चिंच लावून घासतात.

तर, आज गटातल्या सगळ्यांना हे पत्र पाठवते आहे. पुलाचे खांब मेस्त्रींनी उभे केले. सांधे त्यांनी मोडायला शिकवले, रंग त्यांनी जुळवला, ढकलायची युक्ती त्यांची. मी विटा लावल्या. मनापासून आभार, मेस्त्री. उशीर झाला, रागवायचं तर रागवा, फोनवर रागवलात तरी चालेल.

आणि एक काम आहे. आता तुमचं कुडाळचं जुनं घर बांधायला घेतलंय, तुम्ही वडिलांबरोबर रचलेलं, जे तुम्ही त्या वीज नसलेल्या रात्री मेजावर बोटाने काढून दाखवलं होतंत. चिऱ्यासाठी तांबूस तपकिरी विटा जमल्यात, सगळ्या एकाच खाणीतल्या. फक्त ओटीवर चढायच्या पायऱ्यांवर अडले आहे. तुम्ही बोलताना चार म्हणाला होतात, तुमच्या मुलाने पाठवलेल्या फोटोत तीनच दिसतात. चौथी मातीत गेली की मुळात तीनच होत्या, तेवढं नातवाकडून कळवा.

तुमची शेजारीण