नव्व्याण्णव टक्के म्हणजे खग्रास नव्हे!

महोदय,

'आमच्याकडून ९९ टक्के सूर्यग्रहण दिसणार, मग प्रवास कशाला?' असे अनेकजण म्हणतात. त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की, उरलेल्या एक टक्का सूर्याचा झोतही एवढा प्रखर असतो की प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचे फिकट तेजोवलय, दिसतच नाही. ते पाहायचे, तर चंद्राच्या गडद छायेच्या पट्ट्यातच उभे राहायला हवे. १२ ऑगस्ट २०२६ चा पट्टा ग्रीनलंड, आइसलंड आणि स्पेनवरून जातो; स्पेनमध्ये मात्र सूर्य मावळतीला टेकलेला, म्हणून पश्चिमेचे क्षितिज मोकळे हवे. माझे मत विचाराल तर २ ऑगस्ट २०२७ साठी इजिप्तमधील लक्झर गाठावे. तिथे खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकेल, सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल आणि वाळवंटात ऑगस्टमध्ये ढग क्वचितच येतात. (उन्हाचा तडाखा मात्र सोसावा लागेल.) २२ जुलै २०२८ ला तर सिडनी शहरच छायेत येईल. ग्रहणचष्मा फक्त पूर्ण खग्रास असतानाच काढावा. सूर्याचा पहिला किरण डोकावताच तो पुन्हा डोळ्यांवर हवा.

– एक आकाशप्रेमी वाचक