नजर भिडवली नाही म्हणून कर्ज नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांग उद्योजक म्हटलं की आपल्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरच्या भावेश भाटियांचं नाव निघतं. दृष्टी गेल्यावर ते मुंबईच्या ‘नॅब’ या अंधांसाठीच्या संस्थेत मेणबत्त्या करायला शिकले, महाबळेश्वरात हातगाडीवर विकल्या आणि पुढे ‘सनराइज कँडल्स’ उभी करून शेकडो अंधांना काम दिलं. नाव निघावंच. पण ते निघालं की टाळ्या पडतात आणि विषय मिटतो. जिद्द असली की सगळं होतं, असं म्हणून आपण मोकळे. हाताला जमेल असं नेमकं प्रशिक्षण आणि दारात असलेलं पर्यटकांचं गिऱ्हाईक यांचाही त्यात वाटा होता, हे कुणी बोलत नाही.

मी साताऱ्यात कर सल्लागार आहे. छोट्या धंद्यांचे प्रकल्प अहवालही करून देतो, त्यामुळे कर्जाच्या फायली कुठे अडतात ते जवळून दिसतं. योजना नाहीत अशी माझी तक्रार नाही. ‘पीएमईजीपी’त, म्हणजे केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, दिव्यांग अर्जदाराला प्रकल्पखर्चाचे स्वतःचे 5 टक्केच घालावे लागतात, अनुदान शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35 टक्के. उत्पादनाचा प्रकल्प 50 लाखांपर्यंत, सेवेचा 20 लाखांपर्यंत चालतो. राज्याची तशीच ‘सीएमईजीपी’ (मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) आहे, केंद्राचं आणि राज्याचं अशी दिव्यांगांसाठीची दोन वित्त महामंडळं आहेत, ई-वाहनावरच्या फिरत्या दुकानाची योजना आहे. 2022 साली महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणाही झाली. कागदावर काही कमी नाही.

अडतं ते माणूस बँकेच्या साहेबांसमोर बसल्यावर.

कोरेगाव तालुक्यातला एक तरुण वडिलांबरोबर माझ्याकडे आला होता. स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे, प्रमाणपत्र आहे, युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आहे. विहिरीवरच्या मोटरी रिवाइंडिंग करतो. हे काम ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल, तांब्याच्या तारेचे फेरे मोजताना लक्ष हललं की मोटर पुन्हा जळते. याचा आकडा चुकत नाही. प्रत्येक मोटरीचे फेरे आणि तारेचं गेज वहीत लिहिलेलं, जुनी मोटर परत आली की पान काढून दाखवतो. त्याला स्वतःचं वाइंडिंग मशीन आणि रस्त्याकडेला शेड हवी होती.

बँकेत त्याने साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं नाही. “धंदा नक्की चालेल का?” असं विचारल्यावर म्हणाला, “माहीत नाही. मोटरी जळल्या तर चालेल.”

मागणीचा याहून खरा अंदाज मी आजवर कुठल्या अहवालात वाचलेला नाही. (आमच्या अहवालांत पाच वर्षं न चुकता वाढणारा नफा असतो, तो कसा येतो हे बँकेलाही ठाऊक असतं.) पण उत्तर उर्मटपणाचं ठरलं. व्यवहार सांभाळू शकेल असं वाटत नाही, असा शेरा पडला आणि वडिलांना सल्ला मिळाला की प्रकरण तुमच्या नावावर करा. वडील सर्वसाधारण गटातले. म्हणजे स्वतःचे 10 टक्के घालायचे, अनुदान 35 ऐवजी 25, आणि धंदा मुलाचा असून कागदावर मुलगा कुठेच नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये कलम 13 आहे. स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा आणि बँकेचं कर्ज मिळण्याचा हक्क दिव्यांगांना इतरांइतकाच आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात ते 21 झाले, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं) मात्र अजूनही यादीत नाही आणि प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली असेल तर योजनेचं दार बंदच. अशा मुलांना निदान मुलाखतीत तरी समजून घ्यायला कुठल्या शासन निर्णयाची गरज आहे?

हे होऊ शकतं, असं मी आपल्याच जिल्ह्याच्या भरवशावर म्हणतो. म्हसवडमध्ये चेतना सिन्हांनी माणदेशातल्या बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा संस्थापक सभासद अंगठा लावतात म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, वाचता येत नाही, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनी कॅल्क्युलेटरवर काढावं. 1997 मध्ये बँक सुरू झाली. पुढे बाजारच्या दिवशी दुकान सोडून बँकेत येता येत नाही म्हणून बँकच बायकांच्या दारात गेली. माणसाची परीक्षा त्याला जे येतं त्यात घ्यायची, एवढंच तिथे झालं.

तेच इथे करायचं तर खर्च जवळपास शून्य. प्रश्न आधी लेखी द्यावेत, उत्तर लेखी किंवा कामाच्या जागेवर द्यायची मुभा असावी. मूकबधिर अर्जदारासाठी दुभाषा, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अडचण) असलेल्याला फॉर्म वाचून दाखवणारं कुणी असावं. साहेबांनी एकदा शेडमध्ये जाऊन वही पाहावी. आणि ‘नामंजूर’ लिहिताना कारण लेखी द्यावं, ‘वाटत नाही’ हे कारण धरू नये.

सुरू झालेला धंदा वाढवण्याचं दुखणं आणखी वेगळं. अनुदान तीन वर्षं ठेवीत अडकून राहतं, खेळत्या भांडवलासाठी परत त्याच खुर्चीसमोर बसायचं. जागेचं म्हणाल तर कलम 37 सांगतं की व्यवसायासाठी सवलतीत जमीन देताना 5 टक्के दिव्यांगांना. गाळ्यांच्या लिलावातही हा विचार व्हावा, आणि तो करताना व्हीलचेअरवाल्याच्या वाट्याला जिना चढून जायचा गाळा येऊ नये. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. मार्च अखेरीला तो थोडाथोडा वाटून संपवण्याऐवजी त्यातून गावात दोन टपऱ्या, एखादं मशीन उभं राहिलं तर घेणाऱ्यालाही बरं वाटेल.

जिल्ह्यातल्या बँकांची आढावा बैठक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होते. तिथे योजनानिहाय आकडे मांडले जातात. त्या तक्त्यात दिव्यांग अर्जदारांचा वेगळा रकाना असावा: अर्ज किती, मंजूर किती, नामंजूर किती आणि कशासाठी, पालकांच्या नावावर वळवलेली प्रकरणं किती. आपल्या वार्ताहरांनी पुढच्या बैठकीत हे आकडे मागावेत आणि मिळाले तर छापावेत, ही विनंती.

आपला,
एक कर सल्लागार, सातारा
(अशिलांची ओळख पटू नये म्हणून नाव प्रसिद्ध करू नये.)