नाना, तुम्ही पगाराची स्लिप मागितलीत म्हणून

ती. स्व. नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या बाया आपल्या सातपूरला गल्लोगल्ली आहेत.

हे गेले ते सुट्टीच्या दिवशी, घरात. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्याच्या आत ठेकेदाराचा माणूस येऊन सांगून गेला, की कामावर असताना गेले नाहीत, त्यामुळे काही मिळणार नाही. पीएफमध्ये असेल तेवढं काढून घ्या. पेन्शनला दहा वर्षं लागतात, यांची सहाच झाली. मी ते खरं धरलं. या बाबतीत मला कोणी कधी काही सांगितलंच नव्हतं.

तुम्ही भेटायला आलात तेव्हा बराच वेळ गप्प बसून होता. उठताना हळूच विचारलंत, "पोरी, त्याची एखादी पगाराची स्लिप आहे का घरात?" मला त्या क्षणी तुमचा राग आला होता, नाना. माणूस जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि यांना पगार सुचतो, असं वाटलं. त्याची आज माफी मागते.

दुसऱ्या दिवशी चष्मा पुसत तुम्ही त्या स्लिपवरचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, वहीत उतरवून घेतलात आणि मला शाळेतल्यासारखं समजावलंत. दहा वर्षांची अट आहे ती माणूस स्वतः म्हातारपणी पेन्शन घेणार असेल तेव्हा. नोकरीत असताना तो गेला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी बायकोला पेन्शन लागू होते. शिवाय दोन मुलांना, प्रत्येकी तिच्या पेन्शनचा चौथा हिस्सा, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. आणि एक विमा असतो, ईडीएलआय, १९७६ पासूनचा. मरण घरी आलं की कारखान्यात, हे त्यात बघत नाहीत, नोकरी चालू होती का एवढंच बघतात. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ३५ पट आणि वर पीएफच्या शिल्लकेवरून थोडी भर, जास्तीत जास्त ७ लाख. या विम्याचा हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून एक रुपया कापत नाहीत. म्हणून तो स्लिपवर दिसतच नाही. यांनाही माहीत नसणार, नाहीतर मला बोलले असते.

मग कागद. पीएफच्या नोंदीत जन्मतारीख एक, आधारवर दुसरी. जॉइंट डिक्लेरेशनवर, म्हणजे नोंद दुरुस्त करायच्या अर्जावर, कंपनीचा सही-शिक्का मिळवायला तुम्ही गुडघे दुखत असताना तीन खेपा घातल्यात. तिसऱ्या खेपेला गेटवर दोन तास उभे होतात, हे मला वॉचमनकडून कळलं. दरम्यान एक एजंट दहा टक्क्यांवर सगळं करून द्यायला तयार होता आणि मी जवळजवळ हो म्हणणार होते. तुम्ही म्हणालात, "पीएफ, विमा, पेन्शन, तिन्हींना मिळून एकच अर्ज आहे. त्याला कसले पैसे?" तो अर्ज तुम्ही माझ्याकडूनच भरून घेतलात. चुकले तिथे खोडून पुन्हा लिहायला लावलंत. तेव्हा जीव नकोसा व्हायचा. पण परवा मागच्या गल्लीतल्या ताईंचा अर्ज मी एकटीने भरून दिला, नाना, आणि त्यांच्याकडेही पहिल्यांदा पगाराची स्लिपच मागितली.

विम्याच्या पैशांतून दवाखान्याची आणि कार्याची उसनवारी फिटली, उरलेले मुलांच्या नावाने ठेवले. पेन्शन फार नाही, किराणा आणि शाळेची रिक्षा निघते. दोन्ही मुलांची खाती वेगळी आहेत. धाकटी आता नऊची. मेसेज आला की ती फोन घेऊन धावत येते आणि सांगते, "आई, पप्पांचे आले."

तुमची लेक