माशा उठून गेल्या तेव्हा आलेल्या मामांना

ती. मामांना,
शि. सा. नमस्कार.

पत्र उघडं लिहितेय, रागावू नका. फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "असू दे ओ ताई, त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय पावसावर नेता. दोन वर्षं हे असंच राहून गेलं. शिवाय आमच्या आळीतल्या निम्म्या लोकांनी मला विचारून झालंय की तुमच्याच परसात एवढ्या मधमाशा कशा येतात. एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेलच.

आज २० मे. सकाळपासून फोनवर जागतिक मधमाशी दिनाच्या शुभेच्छांचा पाऊस आहे. अठराव्या शतकात स्लोव्हेनियात आंतोन यान्शा नावाचा मधपाळ होऊन गेला, त्याच्या स्मरणार्थ २०१८ पासून हा दिवस पाळतात. पण आलेल्या प्रत्येक चित्रात तीच गुबगुबीत, पिवळी विलायती माशी. आपली सातेरी, इथली देशी मधमाशी, एकातही नाही. मला उगीच राग आला, आणि म्हणून आजच लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी आठवतो ना? मागच्या पडवीत सासूबाईंच्या वेळचं लाकडी फडताळ आहे, त्यात घूंऽऽ असा आवाज सुरू झाला होता. कुलपाच्या भोकातून माशा आत-बाहेर करत होत्या. शेजारच्यांनी घाबरून औषध फवारणाऱ्याला बोलावलं. तो पाठीवर टाकी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अर्ध्या तासात साफ." मला तो शब्द खटकला. खरं सांगायचं तर माशांची दया वगैरे काही नव्हती, फडताळात पापड होते आणि त्यावर ते औषध नको होतं. त्याला चहा पाजून, येण्याजाण्याचे पैसे देऊन परत पाठवलं. दूधवाल्याने माशांचे जाणकार म्हणून तुमचा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट उतरून तुम्ही पहिल्या एसटीने वाईत आलात. कापडी पिशवीत सुरी, एक जाळीचा बुरखा आणि केळीच्या सोपाच्या वाळक्या दोऱ्या. बुरखा मला दिलात, स्वतः तसेच उभे राहिलात. गोणपाटाच्या तुकड्याचा थोडा धूर दिलात आणि फडताळाचं दार इतकं सावकाश उघडलंत की मला वाटलं आत कुणी बाळ झोपलंय. पोळी एकामागे एक लटकत होती, दप्तरातल्या वह्यांसारखी. मी मोजली, पाच. "सात असतात म्हणून सातेरी असं लोक म्हणतात," तुम्ही म्हणालात, "माशांना कुठं कुणी सांगितलंय?" मग एकेक पोळं कापून मधपेटीच्या लाकडी चौकटीत बसवलंत आणि सोपाने बांधलंत. पोळं चौकटीला पक्कं चिकटलं की माशाच तो सोप कुरतडून बाहेर टाकतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा विश्वास बसला नव्हता. आठ दिवसांनी पेटीच्या दाराशी सोपाचे बारीक धागे पडलेले मी स्वतः बघितले.

राणी सापडायला पाऊण तास गेला. ती पेटीत गेल्यावर मात्र बाकीच्या माशा तिच्यामागे अशा निघाल्या, जशी मांडवातली माणसं जेवणाची पंगत बसली की निघतात.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. एसटीचं भाडं आणि पापड. पेटी परसातच ठेवायला सांगितलीत, स्टँडच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायला सांगितल्यात म्हणजे मुंग्या चढत नाहीत, आणि पावसाळ्यात साखरेचा पाक द्यायला सांगितलात.

इथून पुढचं मी तुम्हाला तेव्हा नीट सांगितलं नव्हतं, आता सांगते. वाट्यांमध्ये डास होतात म्हणून जुलैत मी त्या काढून टाकल्या. मग पाकाला मुंग्या लागल्या. म्हणून पाक बंद केला. मनात हिशेब सोपा होता: माझ्या बागेत फुलंच फुलं आहेत, माशांना पाक कशाला? त्यात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण ही कीड पडली होती, त्यावर दुकानदाराने दिलेलं औषध भर सकाळी फवारलं. ऑगस्टमध्ये एक दिवस झाकण उचललं तर आत कुणी नाही. नुसती रिकामी पोळी, एका कोपऱ्यात मेणकिड्याची जाळी. मेलेल्याही नव्हत्या, नुसत्या उठून गेल्या होत्या. मी पडवीत बसून रडले, हे घरात कुणालाही माहीत नाही. आता सगळ्यांना कळेल.

तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं ओरडाल. तुम्ही पेटीकडे बघितलंही नाही. हात मागे बांधून परसातून एक चक्कर मारलीत आणि विचारलंत, "ताई, यात खायला काय आहे?"

मी बोटाने दाखवत गेले. बोगनवेल, तीन रंगांची. गोंड्यासारखा टपोरा झेंडू. डबल जास्वंद. नर्सरीतून आणलेली पिटुनियाची कुंडी, तीही पाकळ्यांवर पाकळ्यांची. तुम्ही झेंडूचं एक फूल तोडून माझ्या तळहातावर उकललंत. पाकळी, पाकळी, पाकळी, आणि मधे काहीच नाही म्हणण्याइतकं. "हे आपल्यासाठी केलेलं फूल आहे," म्हणालात. "परागाच्या जागी पाकळ्या भरल्यात. माशी येऊन बघते न् जाते. लग्नाच्या हॉलबाहेर नुसती कमान, आत स्वयंपाक नाही."

मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला लावलंत, पेन मागितलंत, आणि महिन्याला महिना विचारत गेलात. फेब्रुवारीत काय फुलतं? शेवगा. मार्च-एप्रिलला? शेजारचा कडुनिंब, जांभूळ. मेमध्ये? कडीपत्ता, नदीकडचे करंज. जूनला? मी गप्प. जुलै? गप्प. ऑगस्ट? तुम्ही तीन फुल्या मारल्यात. आमच्या डोंगराच्या कडेला माशांचा दुष्काळ उन्हाळ्यात नसतो, पावसाळ्यात असतो, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. उन्हाळ्यात तुमच्याकडे वर जांभूळ, हिरडा, गेळा असं जंगल फुलतं, तेव्हा तर मधाचा हंगाम. पाऊस लागला की बाहेर उडता येत नाही, उडाली तरी फूल धुतलेलं. बाग कशी दिसते हे मी बघत होते, तुम्ही तिच्यातले रिकामे महिने बघत होतात. तेवढा एकच प्रश्न होता तुमचा. पण त्याने माझी सगळी बाग उलटीपालटी झाली.

ते कॅलेंडर मी जपून ठेवलंय. वर्ष संपलं तरी खाली उतरवलं नाही. फुल्या कशा भरल्या ते आता सांगते.

पहिली गोष्ट फुकटची होती, आणि मला तीच सगळ्यात जड गेली. मी लहानपणापासून तुळशीची मंजिरी खुडत आले. आईने शिकवलेलं, मंजिरी खुडली की तुळस बहरते. तुम्ही म्हणालात, "एक पूजेची ठेवा, एक माशांची." आता दारातल्या वृंदावनातली खुडते, मागच्या चार कुंड्यांतली सोडून देते. दहाच्या सुमाराला त्या मंजिऱ्यांवर इतक्या माशा असतात की लांबून तुळस हलतेय असं वाटतं. शेजारी सब्जा लावलाय, तो पावसातही फुलत राहतो.

दुसरं, भाजी काढायचा आळस. कोथिंबिरीचा एक वाफा धन्यावर जाऊ दिला. मुळ्याची एक ओळ तशीच ठेवली, तिला फुलं आली, मग डिंगऱ्या, म्हणजे शेंगा, आल्या, डिंगऱ्यांची भाजी झाली. माशांचंही झालं, आमचंही. ह्यांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, आता मुळा मुद्दाम जून करतात.

पावसाळ्यासाठी तुम्ही दिलेली पुरचुंडी. कारळा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरला, सप्टेंबरला पिवळा झाला. कुंपणाच्या कडेने तेरडा, साधा, एकेरी पाकळ्यांचा. तेरड्याकडे मी आयुष्यभर गौरीची फुलं म्हणून बघितलं. आता बघते तर माशी आत शिरते आणि बाहेर येते ती पाठीवर परागाची पांढरी रेघ ओढून, घराला चुना देताना रंगाऱ्याच्या पाठीला लागतो तसा. मक्याच्या दहा ताटांनी ऑगस्ट भरला, तुरा आला की परागासाठी झुंबड. आणि लाजाळू, जी मी दर वर्षी उपटून टाकत होते, तिच्या गुलाबी गोंड्यांवर भर श्रावणात, पावसाच्या दोन सरींच्या मधे, सातेरी. जूनची फुली अजून पूर्ण भरलेली नाही. तिथे काय लावू ते भेटल्यावर सांगा.

औषध आता नाहीच. पिठ्या ढेकणाला साबणाचं पाणी, फार झालं तर कडुनिंबाचं तेल, तेही दिवेलागणीनंतर, माशा घरी गेल्यावर. जास्वंदीची पानं जरा खाल्लेली दिसतात. दिसू देत.

आता भिंतीचं. मागची पांढऱ्या मातीची भिंत पाडून विटांची करायची होती, गवंड्याला अ‍ॅडव्हान्स दिला होता. तुम्ही भिंतीला जवळजवळ नाक लावून उभे राहिलात आणि मला बोलावलंत. पेन्सिल जाईल एवढी भोकं. थोडा वेळ थांबलो तर एकातून डोकं बाहेर आलं, आणि मग ती माशी, पोटावर निळसर चमकणारे पट्टे. साठेक वर्षं जुनी ती भिंत मी रोज बघत होते, ती कुणाचं तरी घर आहे हे मला ठाऊक नव्हतं. मग मला वांग्याच्या झाडाशी नेलंत. वांग्याचा पराग आपण होऊन सांडत नाही, परागाच्या नळीला टोकाला बारीक छिद्र असतं, मिठाच्या डबीसारखं. ती डबी हलवावी लागते. मधमाशीला ते जमत नाही. ही निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून अंग थरथरवते आणि पराग खाली पडतो. आवाजही बदलतो, उडतानाचा जाड, फुलावर एकदम चिरका. वांगी-टोमॅटोला इतकी वर्षं कोण कामाला येत होतं ते त्या दिवशी कळलं. गवंड्याकडून अ‍ॅडव्हान्स परत मिळाला नाही, पण भिंत आहे.

मांडवाच्या वाळक्या बांबूत काळा भुंगा राहतो. गुलाबाच्या पानांना कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले असतात, ती पान कापणारी माशी, रोग नव्हे, हेही तुम्हीच सांगितलंत. मी त्याच "रोगा"वर दोन वर्षं फवारण्या केल्या होत्या.

एवढं सगळं तुम्हाला कुठून कळलं असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात थोडं वडिलांकडून, थोडं पुण्यात. गणेशखिंडीजवळच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत तुम्ही तरुणपणी शिकून आलात. १९६२ पासून ती संस्था आहे, आणि आम्ही पुण्याला दर महिन्याला जाणारे लोक, तिच्यावरून शंभरदा गेलो असू. तुमच्या भागातलं, महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं तेव्हा मी बातमी वाचून पान उलटलं होतं. आता तुमच्याकडे येईन तेव्हा तिथेही जाऊन येणार आहे.

पेटीचं मात्र सांगायलाच हवं. ती अजून रिकामी आहे. या मार्चमध्ये शेवग्यावर एक घोळका लटकला होता, तुमचे गुडघे दुखत होते म्हणून फोनवर विचारून आतून मेण चोळलं, जुनं एक पोळं बांधलं, वाट्याही पाण्याने भरल्या. दोन रात्री थांबल्या आणि नदीपलीकडे निघून गेल्या. मी या वेळी रडले नाही. त्या राहत कुठे का असेनात, जेवायला येतात रोज. सातेरी साधारण किलोमीटरभर उडते म्हणालात ना, म्हणजे नदीपलीकडूनही येतच असतील.

आणि येतात याला पुरावा पाठवतेय. पूर्वी लाल भोपळ्याला कळ्या धरायच्या, लिंबाएवढ्या व्हायच्या, पिवळ्या पडून गळायच्या. सकाळी सातला उठून नरफूल तोडून मी मादीफुलाला चोळत बसायचे. काकड्या यायच्या त्या एका टोकाला फुगलेल्या, दुसऱ्या टोकाला शेपटी. या उन्हाळ्यात मी एकाही फुलाला हात लावला नाही. अकरा भोपळे निघाले. त्यातला एक उद्या सकाळच्या गाडीने कंडक्टरकडे देतेय, नातीला स्टँडवर पाठवा, पण एकटीला नको, तिला उचलणार नाही.

आपली,
वाईची ताई

ता. क. घारगे करायला सांगा सूनबाईंना. आणि बिया फेकू नका, निम्म्या मला परत पाठवा. जूनच्या फुलीवर भोपळा चालेल का, तेही कळवा.